मदत हवी आहे : ‘लिब्रे’ला मराठीत काय म्हणावे?

नमस्कार. स्पेनचा गायक नीनो ब्राव्हो याने १९७२ साली गायिलेल्या ‘लिब्रे’ (स्पॅनिशमध्ये ‘बंधन नसलेला’) या गीताचा, चालीवर गाता येईल असा मराठी अनुवाद मी करीत आहे आणि शीर्षकाच्या एका शब्दापाशीच अडलो आहे.

सीमेवरचे काटेरी कुंपण म्हणजे केवळ धातूचा तुकडा, असे मानणाऱ्या विशीला टेकलेल्या तरुणाचे हे गाणे. चिलीमध्ये सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर सत्तेवर आलेला लष्करशहा पिनोचे याच्या समर्थकांनी ते ‘देश मुक्त झाला’ अशा अर्थाने उचलून धरले, आणि त्याच राजवटीच्या बंदिवासात असलेले कैदीही तेच गाणे गात होते. हे कळल्यापासून ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

‘स्वतंत्र’ लिहिले की १५ ऑगस्टचे भाषण आठवते, ‘मुक्त’ला मोक्षाची छटा येते. ‘मोकळा’ मला सर्वांत जवळचा वाटतो, परंतु मूळ शब्द दोनच अक्षरांचा असल्याने तो चालीत बसत नाही.

सत्ताधाऱ्यालाही आणि कैद्यालाही आपलाच वाटेल, असा शब्द कोणी सुचवू शकेल का? स्पॅनिश येत नसले तरी चालेल. शब्द गुणगुणून पाहणारा कान मात्र हवा.