मदत हवी आहे : प्रवासातील त्रिमिती चित्रण वेगवेगळ्या पडद्यांसाठी कसे द्यावे?

नमस्कार. फुजीफिल्मच्या डब्ल्यू-३ या दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने प्रवासात घेतलेल्या त्रिमिती चित्रणातून मी बारा मिनिटांची फिल्म तयार केली आहे. डाव्या आणि उजव्या डोळ्याचे चित्र प्रत्येकी १२८० बाय ७२० पिक्सेलचे आहे. ती नातेवाइकांना द्यायची आहे, पण प्रत्येकाचे साधन निराळे : आत्याकडे ध्रुवीकृत चष्म्यांचा जुना त्रिमिती टीव्ही, भाच्याकडे व्हीआर हेडसेट, एका मित्राकडे प्रोजेक्टर आणि बाकीच्यांकडे केवळ मोबाइल.

आत्याला मी दोन्ही चित्रे निम्म्या रुंदीत दाबून शेजारी-शेजारी ठेवलेली फाइल मोबाइलच्या संदेश-अ‍ॅपवरून पाठवली. वाटेत ती पुन्हा आवळली गेली, फाइल त्रिमिती आहे हे टीव्हीला सांगणारी तिच्यातली खूण पुसली गेली आणि टीव्हीवर काठीसारखी बारीक माणसे बसलेल्या दोन होड्या दिसल्या. (आत्याला वाटले, आम्ही प्रवासात फार वाळलो.) रिमोटवरून त्रिमिती चालू करून दिल्यावर चित्र जुळले, परंतु पुसट दिसले. असा टीव्ही प्रत्येक डोळ्याला एकाआड एक ओळ दाखवतो, म्हणजे उंचीतला तपशील निम्मा होतो, आणि रुंदीतला मी आधीच निम्मा केला होता. त्यामुळे तिच्यासाठी वर-खाली रचना, म्हणजे दोन्ही चित्रे निम्म्या उंचीत दाबून एकाखाली एक ठेवलेली फाइल, योग्य ठरेल, असे मला वाटते. हेडसेटसाठी मात्र पूर्ण रुंदीची, २५६० बाय ७२० पिक्सेलची फाइल चालली.

प्रोजेक्टरचा प्रश्न मला सुटलेला नाही. होडीच्या दृश्यात पलीकडच्या डोंगराच्या डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठीच्या प्रतिमांमध्ये सुमारे ४० पिक्सेलचे अंतर आहे. सव्वा मीटर रुंदीच्या पडद्यावर ते ३९ मिलिमीटर भरते, पण मित्राच्या तीन मीटरच्या पडद्यावर ९४ मिलिमीटर होते. माणसाच्या डोळ्यांतले अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे तिथे डोळे बाहेरच्या बाजूला फाकावे लागतात आणि डोके दुखू लागते. दोन्ही चित्रे एकमेकांकडे सरकवून डोंगर जवळ आणला, तर होडीचा कठडा पडद्याच्या पुढे येतो आणि डाव्या कडेला चौकटीने कापलेला दिसतो, जे डोळ्यांना तितकेच खुपते. अशा वेळी कडेला काळी पट्टी देऊन चौकटच पुढे आणावी, की ते दृश्य मोठ्या पडद्याच्या प्रतीतून वगळावे?

मोबाइलवाल्यांसाठी लाल-निळसर चष्म्याची (एक काच लाल, दुसरी निळसर) प्रतही करून पाहिली. त्यात सहप्रवाशाचा लाल रेनकोट एका डोळ्याला उजळ आणि दुसऱ्याला जवळजवळ काळा दिसल्यामुळे सारखा लुकलुकत राहतो. पूर्ण रंग काढून टाकण्यापेक्षा फक्त लाल छटा उतरवणे पुरेसे होईल का? की त्यांना सरळ डाव्या डोळ्याचे साधे चित्र द्यावे?

शेवटची शंका मूळ प्रतीविषयी आहे. पूर्ण रुंदीची एकच फाइल जपून तिच्यातून लागतील तशा प्रती काढाव्यात, की डावे आणि उजवे चित्र वेगवेगळ्या फाइलींत ठेवावे? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया आपली पद्धत सांगावी.