निर्वासितांना मदत करणाऱ्यांनी त्यांचा कैवारही घ्यावा का?

उंबरठा (धागालेखक):

निर्वासितांसाठी काम करणाऱ्या लहान, स्थानिक गटांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: ‘आम्ही फक्त मदत करतो, राजकारणात पडत नाही.’ त्यामागच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण प्रत्यक्ष कामात ते वाक्य फार काळ तग धरत नाही, असे माझे मत आहे आणि त्यासाठीच हा धागा काढतो आहे. ब्लँकेटे वाटणाऱ्याला काही आठवड्यांत प्रश्न पडू लागतो, की हे कुटुंब अजून तंबूतच का आहे. आणि त्या प्रश्नाचे उत्तर ब्लँकेटांच्या गोदामात नसते, कचेरीतल्या फायलीत असते.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहराचे उदाहरण घेऊ. १९८० च्या दशकाच्या आरंभी एल साल्वाडोर आणि ग्वातेमालामधल्या यादवीतून जीव वाचवून आलेल्या लोकांना तिथल्या चर्चमधल्या मंडळींनी मदत सुरू केली, ती अगदी कायद्याच्या चौकटीत राहून: जामिनाचे पैसे उभे करायचे, आश्रयाचे अर्ज भरून द्यायचे आणि सुनावणीला सोबत जायचे. अर्ज मात्र एकामागून एक फेटाळले जात होते. ज्या राजवटींच्या भीतीने हे लोक पळाले होते, त्यांच्या पाठीशी खुद्द अमेरिकन सरकार उभे असल्याने त्यांना निर्वासित मानणे सरकारला अडचणीचे होते, आणि मंजुरीचे प्रमाण शेकडा तीनच्याही खाली राहिले. अखेर मार्च १९८२ मध्ये तिथल्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने आपण या लोकांना आसरा देत आहोत, असे उघडपणे जाहीर केले. पुढे खटले झाले आणि १९८६ मध्ये आठ कार्यकर्ते दोषी ठरले. पण चर्चसंस्था आणि निर्वासितांच्या संघटना यांनी सरकारवर लावलेल्या दाव्यात १९९१ मध्ये तडजोड होऊन या दोन देशांतल्या लोकांना आश्रयाच्या दाव्यांची नव्याने सुनावणी मागण्याचा हक्क मिळाला. ती मंडळी केवळ अर्ज भरत बसली असती, तर हे कधीच घडले नसते. म्हणून माझे म्हणणे असे, की ज्याच्या डोळ्यांसमोर अन्याय घडतो आहे त्याने मदत करून गप्प बसणे म्हणजे काम अर्ध्यावर सोडणे होय.

तिसरी रांग:

उदाहरण चांगले आहे, परंतु आपण ते सोयीच्या ठिकाणी थांबवले आहे. त्या खटल्यातला पुरावा कुठून आला, हेही सांगायला हवे होते. सरकारने चर्चच्या बैठकांमध्ये खबरे पेरले होते आणि त्यांनी चोरून ध्वनिमुद्रणे केली होती. दोषी ठरलेल्या कार्यकर्त्यांपैकी कोणालाही तुरुंगात जावे लागले नाही. मात्र याच प्रकरणात काही निर्वासितांनाही अटक झाली आणि त्यांच्या डोक्यावर परत पाठवले जाण्याची तलवार लटकत राहिली. बोलणाऱ्याने पत्करलेला धोका आणि ज्याच्या वतीने बोलले गेले त्याच्या वाट्याला आलेला धोका यांत इतके अंतर असेल, तर ‘आम्ही गप्प बसलो नाही’ याचा अभिमान जरा जपूनच बाळगावा.

रेड क्रॉसने १९६५ मध्ये व्हिएन्ना येथे स्वीकारलेल्या सात मूलतत्त्वांत तटस्थतेचा समावेश आहे, तो भित्रेपणामुळे नव्हे. चौकीवरचा शिपाई औषधांचा ट्रक पुढे सोडतो, कारण तो ट्रक कोणत्याही बाजूचा नाही असे त्याला वाटते. त्याच ट्रकच्या मालकाने आदल्या दिवशी त्या शिपायाच्या सरकारवर जाहीर टीका केली असेल, तर ट्रक अडतो आणि औषधाविना तळमळतो तो पलीकडचा रुग्ण. मोठ्या संस्थेला निदान वाटाघाटी करणारी माणसे ठेवणे परवडते. दहा-बारा जणांच्या गटाला एकदा छावणीचे दार बंद झाले, की ते कायमचेच बंद होते. बोलणाऱ्यांनी बोलावे आणि वाटणाऱ्यांनी वाटावे, हे श्रमविभाजन मला शहाणपणाचे वाटते.

उंबरठा (धागालेखक):

निर्वासितांच्या अटकेचा मुद्दा मान्य, आणि तो मी आधीच सांगायला हवा होता. तटस्थतेबाबत मात्र सहमत नाही.

जुलै १९९४ मध्ये रवांडातून अवघ्या काही दिवसांत सुमारे दहा लाख लोक सीमेपलीकडे झाइरमधल्या (आताच्या काँगोतल्या) गोमा परिसरात आले. पटकीच्या साथीने हजारो माणसे दगावली आणि जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. तथापि त्या छावण्यांवर ताबा होता तो रवांडातल्या वंशसंहारात हात रंगलेल्या पुढाऱ्यांचा आणि सैनिकांचा. शिधा त्यांच्या हातून वाटला जात होता, त्यातला काही भाग वळवून ते आपली फौज पुन्हा उभी करत होते आणि मायदेशी परतू पाहणाऱ्यांना धमकावत होते. नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या फ्रेंच शाखेने जाहीर निषेध करून तिथून माघार घेतली. त्या छावण्यांत शांतपणे वाटप करत राहणेही कोणाच्या तरी पथ्यावर पडतच होते. मग त्याला तटस्थ कसे म्हणायचे?

तिसरी रांग:

त्याच छावण्यांत इतर अनेक संस्था थांबल्या होत्या आणि त्यांचा युक्तिवाद असा होता, की गुन्हेगारांबरोबर राहणाऱ्या बायका-मुलांना उपाशी ठेवता येत नाही. मी त्यांना चूक म्हणणार नाही. शिवाय आपण जिचे उदाहरण दिलेत, ती संस्था निघून गेल्यावरही काम चालू ठेवणारे कोणीतरी होते, म्हणूनच तिची माघार हा निषेध ठरला. सगळेच निघून गेले असते, तर त्याला आपण काय म्हटले असते?

गाठोडे:

दोघांचीही चर्चा फार उंचावरून चालली आहे. मी काही काळ एका मदतकेंद्रात आलेल्या कपड्यांची वर्गवारी करण्याचे काम केले आहे आणि माझी तक्रार अधिक साधी आहे: स्वयंसेवकांना मदत तरी नीट करता येते का, हे आधी पाहावे. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे उन्हाळी झगे, उंच टाचांचे बूट आणि एकेकटे मोजे यांचे ढीग येऊन पडत, आणि पुरुषांच्या मध्यम मापाच्या जाड जाकिटांचा व अंतर्वस्त्रांचा मात्र सदैव तुटवडा असे. निम्मे मनुष्यबळ दात्यांचा उत्साह निस्तरण्यात खर्ची पडत होते.

या क्षेत्रात १९९७ पासून ‘स्फिअर’ नावाची मानके तयार होत आली आहेत. माणशी रोज किमान पंधरा लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचकूप, शौचालये निवाऱ्यापासून पन्नास मीटरच्या आत आणि आतून कडी लागणारी, असे बारकावे त्यांत आहेत. कडी आणि उजेड यांचा उल्लेख एवढ्यासाठी, की ते नसले तर बायका रात्री तिकडे जाण्याचे टाळतात आणि त्यासाठी दिवसा पाणीही कमी पितात. ही पुस्तिका उघडूनही न पाहिलेले लोक जेव्हा धोरणांविषयी निवेदने लिहू लागतात, तेव्हा मला धास्ती वाटते. आश्रयाच्या अर्जाबाबत तर विचारूच नका. पहिल्या मुलाखतीतली तारीख आणि दुसऱ्या मुलाखतीतली तारीख जुळली नाही, एवढ्यावरून माणसाला खोटे ठरवले जाऊ शकते. अशा ठिकाणी एखादा सहृदय पण अर्धवट माहितीचा स्वयंसेवक ‘हे सांगा, ते सांगू नका’ असा सल्ला देऊन बसला, तर ब्लँकेट न मिळाल्याने झाले नसते इतके नुकसान होते.

उंबरठा (धागालेखक):

गाठोडे, कायदेशीर सल्ल्याबाबत आपले शंभर टक्के बरोबर आहे. ते काम वकिलाकडेच जावे. परंतु मानकांची पुस्तिका घेऊन येणारे पोहोचेपर्यंत किनाऱ्यावर कोण असते? २०१५ मध्ये समुद्रमार्गे साडेआठ लाखांहून अधिक लोक ग्रीसमध्ये उतरले आणि त्यांतले पाच लाखांहून अधिक एकट्या लेस्बोस बेटावर, ज्याची स्वतःची लोकसंख्या एक लाखही नाही. सुरुवातीच्या काळात त्यांना पाण्यातून बाहेर काढणारे बरेच हात मच्छीमारांचे, गावातल्या आज्यांचे आणि सुट्टी टाकून आलेल्या अनोळखी तरुणांचे होते. २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले, तेव्हाही पहिला घास सीमेजवळच्या गावकऱ्यांनीच दिला. अडाणीपणाने का होईना, पण पहिल्या दिवशी तिथे असणे, हे त्यांचे मोल आहे.

पाचवी सही:

इथे सगळेच जण मदत आणि कैवार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे धरून चालले आहेत. कॅनडात त्या एकाच कागदावर आल्या. तिथल्या खासगी प्रायोजकत्वाच्या योजनेत किमान पाच नागरिक एकत्र येऊन एखाद्या निर्वासित कुटुंबाची साधारण वर्षभराची जबाबदारी लेखी स्वीकारू शकत होते (२०२४ च्या अखेरीस अशा गटांचे नवे अर्ज घेणे थांबवण्यात आले): घर शोधणे, खर्च भागवणे, मुलांना शाळेत घालणे, दवाखाना दाखवणे. १९७९ आणि १९८० या दोन वर्षांत व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस येथून सुमारे साठ हजार निर्वासित कॅनडात आले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची जबाबदारी अशा नागरिकांच्या गटांनी घेतली होती. सरकारने आरंभी यापेक्षा बराच लहान आकडा ठरवला होता. सह्या करणारे गट पुढे येत गेले, म्हणून तो वाढवावा लागला. सभा नाही, मोर्चा नाही. नागरिकांनी आपल्या खिशात हात घातला आणि धोरण हलले. याहून चांगली जनवकिली मला माहीत नाही.

तिसरी रांग:

योजना उत्तम आहे, तरी एक शंका. नागरिकांनी खर्च उचलला, की सरकार आपल्या वाट्याचा आकडा हळूच कमी करते आणि जे राज्याचे कर्तव्य होते ते शेजाऱ्यांच्या दयाबुद्धीवर येऊन पडते. शिवाय गट आपल्याला हवे ते कुटुंब निवडू लागले, तर ज्याचे कोणी नातेवाईक नाहीत किंवा ज्याचे छायाचित्र पाहून कोणाचे मन द्रवत नाही, तो मागेच राहतो.

पाचवी सही:

याच कारणासाठी तिथले प्रायोजक ‘सरकारी संख्येव्यतिरिक्त आमची संख्या’ या तत्त्वासाठी आग्रही राहिले आहेत, आणि तो आग्रह त्यांना सतत धरावा लागतो, हे खरे आहे. निवडीबाबतच्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे चोख उत्तर नाही.

पाहुणा नव्हे:

आतापर्यंतच्या प्रतिसादांत निर्वासित माणूस कुठे तंबूत आहे, कुठे रांगेत आहे, कुठे मुलाखतीला बसला आहे. बोलताना मात्र तो एकदाही दिसला नाही. त्याचा कैवार घ्यावा की घेऊ नये, हे इतरच ठरवत आहेत. मी स्वतः विस्थापित कुटुंबातला असल्यामुळे मला हे खटकते. युगांडाची राजधानी कंपाला येथे काँगोतून आलेल्या तरुण निर्वासितांनी २००७ मध्ये ‘यारिद’ ही संस्था सुरू केली. आपल्या माणसांना इंग्रजी येत नाही म्हणून काम मिळत नाही, हे कोणत्याही पाहणीविना त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी भाषेचे वर्ग चालवले. ते स्वयंसेवकही आहेत आणि निर्वासितही, त्यामुळे ‘मदत करणारे’ आणि ‘मदत घेणारे’ ही धाग्यातली वाटणी तिथे लागूच पडत नाही.

पैशाचेही तेच. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी २०२० पर्यंत मदतीचा किमान २५ टक्के निधी स्थानिक संस्थांपर्यंत शक्य तितक्या थेट पोहोचवण्याचे मान्य केले. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. तेव्हा धागालेखकांना सांगावेसे वाटते, की जरूर बोला, पण आमच्या वतीने बोलण्याआधी माईक आमच्याकडे द्यायला काय हरकत आहे, तेवढे सांगा.

उंबरठा (धागालेखक):

काहीच हरकत नाही; धाग्याचे शीर्षकच चुकले, असे आता वाटते. एक अडचण मात्र राहते. ज्याचा अर्ज विचाराधीन आहे, त्याने जाहीरपणे बोलणे त्याच्या मागे राहिलेल्या नातेवाइकांच्या जिवावर बेतू शकते. त्याला बोलायचे आहे पण बोलता येत नाही, अशा वेळी कोणीतरी उसना आवाज द्यावाच लागतो.

आणि तिसरी रांग यांच्या श्रमविभाजनाबद्दल एक शेवटचा आक्षेप. वाटणाऱ्याने फक्त वाटावे, हे कायदा वाटू देईल तोवरच शक्य आहे. हंगेरीने २०१८ मध्ये आश्रयाच्या अर्जासाठी मदत संघटित करणे हाच गुन्हा ठरवला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो कायदा संघाच्या नियमांविरुद्ध असल्याचा निर्णय दिला, तोही नोव्हेंबर २०२१ मध्ये. फ्रान्समध्ये सेद्रिक एरू या शेतकऱ्यावर स्थलांतरितांना इटलीच्या सीमेवरून आणल्याबद्दल आणि आसरा दिल्याबद्दल खटला चालला. जुलै २०१८ मध्ये तिथल्या संविधान परिषदेने (कायदे संविधानाला धरून आहेत का, हे तपासणाऱ्या संस्थेने) बंधुत्व हे संविधानिक मूल्य असल्याचे सांगून देशात आधीच असलेल्यांना निःस्वार्थ भावनेने केलेल्या मदतीला संरक्षण दिले. सीमा ओलांडायला केलेली मदत मात्र गुन्हाच राहिली. जेवण देणाऱ्याला न्यायालयात उभे राहून स्वतःचा बचाव करावा लागतो, तेव्हा तो बचाव हीच जनवकिली झालेली असते, त्याची इच्छा असो वा नसो.

तिसरी रांग:

जेवण देणेच गुन्हा ठरते तिथे माझे विभाजन कोसळते, हे मान्य करतो. इतरत्र मात्र माझी अट कायम आहे. कोणाचीही कहाणी किंवा छायाचित्र बाहेर देण्यापूर्वी त्या व्यक्तीची संमती तिच्या स्वतःच्या भाषेत घ्यावी, नकार दिल्यास शिध्यात फरक पडणार नाही हे आधी सांगावे, आणि ही विचारणा शिधा वाटणाऱ्या माणसाने करू नये. ज्याच्या हातात पोळी आहे त्याला ‘नाही’ म्हणणे अवघड असते.

गाठोडे:

आमच्याकडे तशी विचारणा वाटपाच्या टेबलावरच होत असे, आणि सगळे ‘हो’ म्हणत.