विषय: शनिवारची सॅन फ्रान्सिस्को सहल – पूल आधी की नंतर?

प्रेषक: सहल समिती

मंडळी, नमस्कार.

शनिवारच्या सहलीला 47 नावं आली आहेत. त्यातले 19 जण म्हणजे भारतातून आलेले आपले आई-बाबा आणि सासू-सासरे. बस सकाळी 7 ला सॅक्रामेंटोहून निघेल, बसबरोबर गाइड आहे. बेत असा: 9 ला गोल्डन गेट पूल, मग लोम्बार्ड स्ट्रीट, अल्काट्राझ (बेटावरचा जुना तुरुंग), पिअर 39 चा धक्का, रस्त्यावरची केबल कार, संध्याकाळी 6 ला परत. काही सुचवायचं असेल तर उद्या रात्रीपर्यंत कळवा.

प्रेषक: एल्क ग्रोव्हची वहिनी

ताई, अल्काट्राझला चढ किती आहे? सासूबाईंचे गुडघे दुखतात. आणि स्वेटर खरंच लागतो का? इथे 104 फॅरनहाइट आहे, सासरे म्हणतात, मला वेड्यात काढू नका.

प्रेषक: फॉल्समचे काका

ताई, पूल सकाळी 9 ला अजिबात ठेवू नकोस. दुपारी ने.

आम्हीही एकदा जुलैत असेच पहाटे निघून पुलापलीकडच्या व्हिस्टा पॉइंटवर जाऊन उभे राहिलो होतो. समोर नुसतं पांढरं. वडील बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पूल कुठाय?" पूल काही दिसला नाही, त्याच्यावरचे धुक्याचे भोंगे तेवढे ऐकून आलो.

याला थोडेफार आपणच कारणीभूत आहोत. तिथल्या किनाऱ्याला खालचं गार पाणी वर येतं, त्यावरून वाहणाऱ्या दमट हवेचं धुकं होतं. इकडे आपली सॅक्रामेंटोची दरी तापते, गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा आत ओढली जाते. मधल्या डोंगररांगेत समुद्रसपाटीला मोठी फट एकच, ती गोल्डन गेटची. त्यामुळे आपल्याकडे 104 झालं की तिकडे पूल गायब! बहुतेक दिवशी दुपारपर्यंत धुकं विरतं आणि संध्याकाळी पुन्हा दाटतं. म्हणून 1 ते 3 ची वेळ धरा. हमी कोणीच देणार नाही, पण 9 पेक्षा बरी.

आणि व्हिस्टा पॉइंटपेक्षा क्रिसी फील्डला न्या. जुना लष्करी विमानतळ, सगळं सपाट, बसायला बाकं, समोर पूल. 1937 साली सुरू झालेला, मधला गाळा 1,280 मीटर. तो केशरी रंग मुळात पोलादाला लावून आलेल्या प्रायमरवरून सुचला, हे गाइडने सांगितलं नाही तर तुम्ही सांगा.

अल्काट्राझ माझ्या मते गाळा. तिकिटं काढली आहेत का? जुलैत आयत्या वेळी मिळत नाहीत. धक्क्यापासून कोठड्यांपर्यंतचा चढ म्हणजे जवळपास 13 मजले. चालवत नाही अशांसाठी छोटी गाडी आहे, पण जाऊन-येऊन तीन तास जातात, मग बाकी शहर खिडकीतूनच बघायचं. बेट पिअर 39 वरून छान दिसतं. तिथले समुद्रसिंह मात्र जुलैत फार नसतात, बरेचसे विणीसाठी दक्षिणेकडच्या बेटांवर गेलेले असतात. नातवंडांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रडारड.

लोम्बार्डच्या वाकड्या वळणांत मोठी बस जात नाही. खालून बघायचं, फोटो काढायचा, पुढे निघायचं.

केबल कारला पॉवेल स्ट्रीटची रांग नको, कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या गाडीला गर्दी कमी असते. त्याआधी केबल कार म्युझियम बघा, तिकीट नाही. रस्त्याखालून सतत धावणारे दोर ओढणारी मोठाली चाकं तिथे फिरताना दिसतात. 1873 पासूनची ही युक्ती: डब्याला इंजिन नाही, डब्यातला ग्रिपमन, म्हणजे चालक, चिमट्याने चालता दोर पकडतो आणि सोडतो. आमचे वडील पुलावर नाराज होते, इथून हलायला तयार नव्हते.

वहिनी, सासऱ्यांना एवढंच सांगा, पावसाळ्यातलं महाबळेश्वर. वर वारा.

प्रेषक: डेव्हिसचा दादा

तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खरं ऊन असतं म्हणे. सहल पुढे ढकलता येईल का?

प्रेषक: सहल समिती

दादा, निम्म्या आई-बाबांची परतीची तिकिटं गणपतीच्या आधीची आहेत. ऑक्टोबरात आपण आपलेच जाऊ.

काकांचं ऐकलं. नवा क्रम: फेरी बिल्डिंग (बोटींचं जुनं स्थानक), केबल कार म्युझियम, केबल कार, पिअर 39, डबे खाऊन 1 ला क्रिसी फील्ड, 4 ला परतीला. लोम्बार्ड वेळ उरला तर. अल्काट्राझ रद्द. बसमधून उतरताना पिशव्या सीटवर उघड्या ठेवू नका, त्या शहरात काचा फुटतात. गाइड इंग्रजीत बोलेल, मराठीत सांगायला काका पुढच्या सीटवर. काका, नाही म्हणू नका.

प्रेषक: फॉल्समचे काका

माइक चालतो का ते आधी बघा.

प्रेषक: एल्क ग्रोव्हची वहिनी

महाबळेश्वर लागू पडलं. स्वेटर भरला आहे. कानटोपीची बोलणी चालू आहेत.