ओलेड मॉनिटरला लाख रुपये घालावेत का?

फिल्मरोल (धागाकर्ता):
लग्नाचे आणि रात्रीच्या कार्यक्रमांचे फोटो एडिट करणं हा माझा धंदा. सहा महिन्यांपूर्वी ३२ इंची फोर-के ओलेड मॉनिटर घेतला. लाखाच्या वर गेला. ओळखीतले सगळे म्हणतात, पैसे पाण्यात घातलेस. मला तसं मुळीच वाटत नाही.

आधीच्या आयपीएस (मागे दिवा असलेला एलसीडीचा प्रकार) मॉनिटरचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण १००० ला १. त्यावर काळा रंग करडाच दिसायचा, कारण मागचा दिवा सतत झिरपत असतो. तो करडेपणा घालवायला मी काळा खाली ओढत बसायचो आणि अल्बम छापून आला की केस, शेरवानी, मागचा अंधार सगळं मिळून एकच काळा गठ्ठा! गिऱ्हाईक काही बोललं नाही तरी मला ते टोचायचं. ओलेडला मागे दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळ्या जागी पूर्ण विझतो. आता काळा जिथे हवा तिथेच थांबतो.

रात्रपाळी:
तुमचं काम अंधाराचं आहे, म्हणून पटतं. माझ्यासारख्यांनी हे वाचून उडी मारू नये. मी दिवसाचे दहा तास कोड लिहितो. टास्कबार खाली, फाइलींची यादी डावीकडे, वर्षभर जागचं हलत नाही. ओलेडमधले सेंद्रिय पदार्थ जेवढे जळतील तेवढे थकतात, निळा सगळ्यांत आधी. मग तिथे कायमचा ठसा.

अक्षरांचंही बघा. अक्षरं गुळगुळीत दाखवणारं विंडोजचं क्लिअरटाइप प्रत्येक पिक्सेलमधले लाल-हिरवा-निळा ठिपके ओळीने उभे असतील असं धरून चालतं. क्यूडी-ओलेडमध्ये (ओलेडचाच क्वांटम डॉटवाला प्रकार) ते त्रिकोणात असतात, हिरवा वर आणि बाकीचे दोन खाली. त्यामुळे आडव्या रेषेच्या एका कडेला हिरवट आणि दुसऱ्या कडेला जांभळट किनार येते. आपल्या देवनागरीत तर प्रत्येक शब्दावर शिरोरेषा! मित्राकडच्या ३४ इंची मॉनिटरवर मराठी मजकूर वाचताना मला सतत तेच दिसत होतं.

फिल्मरोल:
शिरोरेषेचा मुद्दा मान्य. पण ३४ इंची म्हणजे इंचाला ११० पिक्सेल. माझ्याकडे १४० आहेत, २७ इंची फोर-केमध्ये १६० च्या वर. तिथे किनार शोधावी लागते. ठशाबद्दल म्हणाल, तर २०२२ साली पहिला क्यूडी-ओलेड मॉनिटर आला, एलियनवेअरचा, तोच ३ वर्षांची बर्न-इनची, म्हणजे या ठशाचीच, वॉरंटी घेऊन. कंपनी उगाच लिहून देईल का? मी टास्कबार लपवतो, वॉलपेपर काळा ठेवतो, उठताना स्क्रीन बंद करतो.

रात्रपाळी:
लाख रुपये मोजून वर त्याचीच निगराणी मी करायची, हेच मला पटत नाही.

गॅलरीतली_खुर्ची:
दोघांनीही खोलीचं नाव काढलं नाही. आमच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी. क्यूडी-ओलेडवर बाहेरचा उजेड अडवणारा ध्रुवक (पोलरायझर) थर नसतो, त्यामुळे बाहेरचा उजेड पडला की तोच गाजलेला काळा जांभळट-करडा होतो. शिवाय पूर्ण पांढरं पान उघडलं की पॅनेल २५० निट्सच्या (उजेडाचं माप) आसपास अडकतं. बॉक्सवरचे १००० निट्स स्क्रीनच्या दोन-तीन टक्के तुकड्यापुरते. मी दुपारी एक्सेल करते, मला त्याचा काय उपयोग? निम्म्याहून कमी पैशांत मिनी-एलईडी (मागे छोट्या दिव्यांचे गट असलेला) घेतला. काळ्यावर पांढरा कर्सर फिरवला की भोवती वलय दिसतं, ते चालवून घेते.

फिल्मरोल:
ताई, खोलीचं खरंच राहिलं. मी जाड पडदे लावले आणि एडिटिंग संध्याकाळनंतर करतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी ओलेड घेऊ नये, इथपर्यंत मी यायला तयार आहे. पण अंधारातलं काम करणाऱ्याला मी आजही हाच सांगेन, हप्त्यावर का होईना.

रात्रपाळी:
मग एक करा. आजच पूर्ण करडा स्क्रीन उघडून फोटो काढा आणि इथे टाका. वॉरंटी संपायच्या महिन्यात त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर पुन्हा काढा. ठसा पडला असेल तर करड्यावर दिसेलच, दोन्ही शेजारी ठेवून बोलू.

फिल्मरोल:
आज रात्री टाकतो.