मदत हवी आहे: आंतरवासितेत नापास झालेल्या भाचीला कसा आधार द्यावा?

माझी भाची पुण्यात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. १६ आठवड्यांच्या शालेय आंतरवासितेत, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावात, ती नापास ठरली. कॉलेजने पुढच्या सत्रात दुसऱ्या शाळेत ती पुन्हा करायची मुभा दिली आहे. विषय गणित, वर्ग सातवी-आठवी, माध्यम मराठी. शेरा: ‘वर्गनियंत्रण नाही’.

तिची पाठ टाचणं (तासाची लेखी तयारी) चोख असतात, विषयही पक्का आहे. अडतं ते फळ्याकडे वळल्यावर. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली की तिचा आवाज खाली जातो आणि उदाहरण ती स्वतःच शेवटपर्यंत सोडवून टाकते. मुलांना विचारायचं राहूनच जातं. हे मला शिस्तीपेक्षा भीतीचं वाटतं.

मार्गदर्शक शिक्षिकांना ती भेटली, ‘कडक राहा’ एवढंच उत्तर मिळालं. घरी आमच्यासमोर पाठ घेऊन पाहिले, पण घरची चार माणसं म्हणजे भरलेला वर्ग नव्हे. बी.एड. सोडायचं नाही, तिला शिक्षिकाच व्हायचंय. महागडा क्लास परवडणार नाही.

शिक्षक मंडळींनो, नव्या शाळेत पहिल्या आठवड्यात तिने नेमकं काय करावं? कोथरूड-कर्वेनगर भागात संध्याकाळी मुलांना शिकवायचा सराव कुठे मिळेल? आणि आधीचा निकाल नव्या मार्गदर्शकांना तिने आपणहून सांगावा का?