भूमध्य समुद्रात पोहलात का? अनुभव लिहा

जुलैत लेकीला (वय ९) घेऊन नीस आणि बार्सिलोनाला चाललेय. पोहायचंय, तिला पॅडलबोर्डचं (उभं राहून वल्हवायची तरंगती फळी) वेड लागलंय. आम्हाला सवय कोकणच्या समुद्राची. जाऊन आलेल्यांनी लिहा, बरं-वाईट दोन्ही.

—

नीसला वाळू नाही, गोटे. आधी पाण्यात चालणारे रबरी बूट घ्या, मग बाकीची खरेदी. तळ झपकन उतरतो, चार पावलांत पाणी छातीला. लाट परतताना पायाखालचे गोटे सरकतात, मोठी माणसंही बसकण मारतात. मुलीसाठी शेजारच्या व्हिलफ्रांशचा उपसागर बरा, ट्रेनने लगेच येतो. पाणी शांत असतं.

—

तारकर्लीला जा की! खर्च वाचेल, शिवाय मासे खाऊन याल. 😀

—

भरती-ओहोटीचं वेळापत्रक विसरा. मुंबईत मोठ्या भरतीला चार-साडेचार मीटर पाणी चढतं, तिकडे बहुतेक ठिकाणी फूटभर. त्यामुळे आपली माणसं निर्धास्त होतात. पण खरी भीती वाऱ्याची. जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटला की काठाशी पाणी अगदी सपाट दिसतं, आणि बोर्ड गुपचूप आत जात राहतो. स्पेनमध्ये आमच्यासमोर एक जोडपं फुगवलेल्या फ्लेमिंगोवर पहुडलं होतं. हसत होते, हात हलवत होते, आम्हीही हलवले. थोड्या वेळाने कळलं, ते मदतीला बोलावताहेत. जीवरक्षक जेट स्कीवरून गेले आणि फ्लेमिंगोसकट घेऊन आले.

तर: बोर्डाची दोरी पायाला बांधलेली हवी. वारा वाढला की गुडघ्यांवर बसून वल्हवायचं. काही झालं तरी बोर्ड सोडून पोहायचं नाही.

—

वरच्यांना +१. पिवळे बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या हद्दीच्या खुणा) बघा. स्पेनमध्ये बोये नसले तरी किनाऱ्यापासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा पोहणाऱ्यांचा. फ्रान्समध्ये ३०० मीटरच्या आत बोटींना ५ नॉटची (ताशी साधारण ९ किमी) वेगमर्यादा. जेट स्कीच्या ये-जा करायला बोयांची वेगळी गल्ली आखलेली असते, तिच्यात चुकूनही पोहू नका.

झेंडे हिरवा, पिवळा, लाल, ते कळतंच. फ्रान्समध्ये जांभळा दिसला तर पाणी दूषित किंवा जेलीफिश वगैरे. जांभळट-गुलाबी जेलीफिश डसली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोडं पाणी नको, चोळू नका. व्हिनेगर या जातीला नको. मग थेट फार्मसी. माझ्या पोटरीवर महिनाभर चाबकाचे वळ होते.

—

आम्ही तुर्कस्तानात ओलुडेनिझला होतो. सरोवरात लाट नाही, मुलं दिवसभर पाण्यात. डोक्यावर बाबादाग डोंगरावरून पॅराग्लायडर उतरत असतात. नवरा उडाला, मी खाली चहा प्यायले.

—

बार्सेलोनेटावर (बार्सिलोनाचा शहरातला किनारा) सगळे एकदम पाण्यात जाऊ नका, पिशवीपाशी एक जण हवाच. 🙏

—

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. तारकर्लीवाल्यांनो, डिसेंबरात येते. लहान मापाचं लाइफ जॅकेट तिकडे भाड्याने मिळतं, की इथूनच नेऊ?

—

मिळतं, पण सकाळी लवकर गेलात तर. दुपारी नुसते एक्सएल उरतात. वाराही सकाळीच कमी असतो.