मदत हवी आहे : आईच्या हिरड्यांची फ्लॅप सर्जरी करावी का?

नमस्कार मंडळी. आईचं वय ५८, आम्ही साताऱ्याचे. तिच्या खालच्या पुढच्या दातांच्या हिरड्या इतक्या खाली सरकल्यात की मुळं उघडी दिसतात. गार पाणी लागलं की कळ थेट डोक्यात जाते, आणि दोन दात हलायला लागलेत. तिने बरीच वर्षं मिश्री लावली, आता सोडली आहे. शिवाय मधुमेह, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४.

डॉक्टरांनी हिरडी आणि दातामधली फट मोजली. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक असते, आईची काही ठिकाणी ६ आहे. खोल सफाई (स्केलिंग आणि रूट प्लेनिंग) झाली, रक्त यायचं थांबलं, पण फट फारशी कमी झाली नाही. आता ते फ्लॅप सर्जरी (हिरडी उघडून मुळांची आतून सफाई करून परत शिवणं) सुचवतात, मात्र आधी साखर आटोक्यात आणा म्हणतात. ते मला पटतं, साखर जास्त असली की जखम लवकर भरत नाही.

कोणाच्या घरी मधुमेह असताना ही सर्जरी झाली आहे का? हलणारे दात टिकले का? उघड्या मुळांवर तोंडातल्या टाळूची त्वचा लावतात, त्याचा गुण आला का? मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयातला अनुभव असेल तर जरूर सांगा. आई भाकरीसुद्धा दुधात कुस्करून खाते हो, बघवत नाही.